धरलेली थाप

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. न पटली तर न पटो. आजवर ज्यांना ज्यांना ऐकवली, त्यातल्या निम्म्यांनी मान उडवली आणि उरलेल्यांनी चहा मागवला. उठल्यापासून झोपेपर्यंत थापा मारणाऱ्या म्हाताऱ्यावर ज्या गावानं कधी काडीचा विश्वास ठेवला नाही, त्याच गावानं 'मीच केलं' म्हणणाऱ्या वेड्या माणसावर पोलिसांसकट एका झटक्यात विश्वास ठेवला. हे दोघं एकाच घरातले, बाप आणि मुलगा. धंदाही एकच, आटलेल्या विहिरींतला गाळ काढायचा.

बापाला गाव तात्या थापेकर म्हणे. हे काही त्यांचं आडनाव नव्हे, पण मतदारयादीतसुद्धा तेच लागलं असतं तर कुणाला चूक वाटली नसती. विहिरीच्या तळाशी आपण एकदा इतके खोल गेलो की खालून दुसऱ्या देशातल्या बायकांची भांडणं ऐकू आली, असं ते शपथेवर सांगत. एका माशानं फौजदारसाहेबांची सायकल गिळली आणि तो अजून घंटी वाजवत फिरतो, हेही तेच सांगत.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर तात्यांची बैठक बसे. तिथं एक रीत पडून गेली होती. तात्यांची थाप ज्याला पकडायची असेल त्यानं बाकावर थाप मारून ओरडायचं, "धरली!" नुसतं 'खोटं' म्हणून भागायचं नाही. तात्या विचारत, "कशावरून?" मग नेमकं कुठं खोटं आहे आणि का, ते दाखवावं लागे. दाखवता आलं तर चहा तात्यांच्या खर्चानं. नाही आलं तर थाप खरी धरून गोष्ट पुढं.

या कामात गावात इंजिनमिस्त्रीचा हात धरणारा कुणी नव्हता. गावातली पाण्याची सगळी इंजिनं तोच दुरुस्त करी. इंजिनाचा आवाज किंचित बिघडला तरी त्याच्या जेवणात खडा लागल्यासारखं होई, आणि चुकीची गोष्ट तर त्याच्या कानाला सोसतच नसे. कधी कधी तात्या तोंड उघडायच्या आधीच त्याचा हात बाकावर असायचा.

"अरे, निदान मला खोटं बोलू तरी दे," तात्या म्हणत.

मुलाची तऱ्हा उलटी. त्याची आई तापात गेली तेव्हापासून तो बिघडला. आई का गेली? मीच नेली. दूध कुणी सांडलं? मीच. पाऊस का नाही? मीच अडवलाय. आधी घरच्यांना रडू यायचं. मग शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेव्हापासून तो झोपू लागला, कामाला येऊ लागला. पण 'मीच' काही सुटलं नाही. गावानं त्याचं नावच मीच ठेवलं. टपरीवर पोरं विचारायची, "मीचभाऊ, चंद्र कुणी कुरतडला हो?" तो खाली मान घालून सांगायचा, "मीच. चुकलं." मग सगळे हसायचे. तात्याही हसायचे. न हसून करतात काय?

आणि घरात होती लेक. मुलाहून मोठी, नवऱ्याशी न पटून परत आलेली, जिभेची तिखट. कप्पीवरचा दोर तीच ओढायची. भावाच्या गोळ्या तिच्या पदराच्या गाठीत असायच्या.

त्या वर्षी पाण्यानं सगळ्यांना रडवलं. विहिरी तळाला गेल्या. नदीकाठच्या पंपघरातून पाळीनं पाणी सुटायचं आणि पाळी ठरवायचा पंपवाला. चावी त्याच्या हातात, त्यामुळे गाव त्याच्या मुठीत. पंपवाला मोठा हसरा माणूस होता. पाणी मागायला गेलेल्याला आधी हसायचा, मग नाही म्हणायचा. त्या हसण्यानं माणूस रस्ताभर उगाच आपला सदरा झटकत घरी यायचा. मिस्त्रीच्या तुकड्यातली मिरचीची रोपं याच हसण्यापायी वाळून गेली होती, पण तसं पाहिलं तर गावात कुणाचं काय वाळलं नव्हतं?

ऐन दुपारी, माणसं सावलीला आडवी झालेली असताना, तात्यांच्या घरचे तिघं मळ्यापलीकडच्या विहिरीवर होते. मुलगा खाली, कमरेइतक्या चिखलात. वरून तात्या आणि लेक दोर ओढत होते. गाळाचा डोल वर येई, काठावर आडवा होई, पुन्हा खाली जाई. तेवढ्यात गुराखी धावत आला. "पंपवाला मेला! डोकं फोडलंय कुणीतरी!"

मुलाला वर ओढून, डोल तसाच टांगता टाकून तिघं धावले. पंपघरासमोर गर्दी जमली होती. मुलगा चिखलानं माखलेला, डोळ्यांत ऊन. फौजदारसाहेब जीपमधून उतरले, आत जाऊन आले, रुमालानं नाक पुसलं आणि गर्दीवर ओरडले, "कुणी केलं हे?"

"मीच," मुलगा म्हणाला.

सवयीनं दोघंतिघं हसले. एकानं तर तोंडावर हात दाबला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कशानं मारलं?"

मुलगा इकडंतिकडं बघू लागला. दाराशी घरचीच पहार टेकलेली होती. विहिरीचं सामान ते पंपघराच्या पडवीत ठेवत, हे गावाला माहीत होतं. त्यानं पहारीकडं बोट केलं.

"साहेब, तो आमच्याबरोबर विहिरीत होता!" लेक पुढं झाली. "त्याला सगळंच मीच म्हणायची सवय आहे. विचारा की गावाला!"

साहेबांनी गावाकडं पाहिलं. गाव आपापल्या पायांकडं बघत राहिलं. कुणी चोरून पाट फोडला होता, कुणी रात्रीची पाळी पळवली होती, कुणी पंपवाल्याला शिव्या घातल्या होत्या. तोंड उघडलं की आपलीही चौकशी लागायची. त्यापेक्षा एकजण मिळालाय, तोही स्वतःहून, तर मिळू दे. मुलाला जीपमध्ये बसवलं. चिखल वाळून त्याच्या पाठीवर भेगा पडल्या होत्या.

तात्या ठाण्यावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पायातल्या वहाणा बाहेर काढल्या आणि हात जोडून, एकही फोडणी न घालता, खरं सांगितलं. कुठली विहीर, कोण खाली, कोण वर, गुराखी कुठून आला, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"संपलं?"

"संपलं साहेब."

"आणि मासा आला नाही यात?"

कोपऱ्यातला शिपाई फिस्कन हसला. हवालदार मात्र हसला नाही. तो गावचाच, मुलाला लहानपणापासून ओळखणारा.

"तात्या," साहेब म्हणाले, "माझी सायकल माशानं गिळली हे तुम्हीच सांगता ना? माझी बायको अजून मला चिडवते. उद्या कोर्टात तुम्ही उभे राहिलात तर वकील तुमचा तासच घेईल. आणि तुमची मुलगी म्हणजे घरचीच साक्ष. मुलगा स्वतः कबूल आहे, हत्यार तुमचं आहे. मला आणखी काय हवं?"

"साहेब, त्याला विचारा पाऊस कुणी अडवला."

"ते नाटक सगळेच करतात."

"नाटक करायला डोकं लागतं हो. त्याच्या गोळ्या तरी द्या. त्याशिवाय त्याला झोप नाही."

"डॉक्टर ठरवेल," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

घरी येईपर्यंत तात्यांच्या पायाला माती भाजत होती. वहाणा ठाण्याच्या पायरीवरच राहिल्या होत्या. परत जाऊन आणायचं धाडस त्यांना झालं नाही. लेकीनं पाय बघितले, पाण्याचा तांब्या आपटला.

"आयुष्यभर खोटं पिकवलंत बाबा. आता खरं उगवायला जागा तरी आहे का?"

तात्यांनी थाप न मारता नुसतं तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं. हे पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून लेक आणखी घाबरली.

काम थांबवून चालणार नव्हतं. विहीर अर्धवट सोडली तर मालकानं दुसरे लावले असते. आता तात्या स्वतः खाली उतरले. सत्तरी उलटलेलं शरीर, गुडघे गाळात रुतलेले, प्रत्येक डोल भरताना पाठीतून कळ जायची. वर लेक एकटी दोर ओढायची. दोर हातातून सुटू नये म्हणून तिनं तळव्यांना फडकी बांधली होती, ती संध्याकाळी सोलून काढावी लागत. कप्पी किरकिरायची. आधी मुलगा तिला रोज तेल घालायचा. आता ते कुणाच्या लक्षातच राहत नव्हतं.

तो आवाज ऐकून मिस्त्री आला. "अहो, हे ऐकवत नाही मला. रस्त्यावरून जाता जाता दात आंबतात." तो कप्पीपाशी चढला, पिन पाहिली. खिशात हात घातला, पिशवी चाचपली.

"पाना?" लेकीनं विचारलं.

"विसरलो." त्यानं दगडानं नट ठोकून ठोकून कसाबसा आवळला. असं अडाणी काम करताना मिस्त्रीला तिनं कधी पाहिलं नव्हतं. बोटाला खरचटलं तसा तो नटावरच खेकसला. जाताना खाली वाकून म्हणाला, "तात्या, टपरीवर या हो. तुमच्याशिवाय मजा नाही. लोक नुसते गप्प बसतात."

"माझा मुलगा आत आहे रे."

"हो, ते आहेच," मिस्त्री म्हणाला आणि डोळ्याला ऊन लागल्यासारखा वळला.

लेक डबा घेऊन ठाण्यावर जायची. हवालदार डबा आत द्यायचा, आणि गोळ्या डब्याच्या झाकणाखाली सापडल्या तरी त्याला कधी दिसायच्या, कधी नाही. ज्या दिवशी दिसायच्या त्या दिवशी त्या परत यायच्या. शिपाई समोर बसलेला असेल तर त्याचा नाइलाज असे.

मुलगा गजांशी बसलेला असे. नखांनी मनगट खाजवून खाजवून त्यानं कातडी लाल केली होती. झोप गेली होती. आता तो फक्त विचारल्यावर मीच म्हणत नव्हता, आपणहून म्हणत होता. शेजारच्या कोठडीतल्या दारुड्याला खोकला आला तरी मीच. रस्त्यावर गाडीनं करकचून ब्रेक मारला तरी मीच.

"ताई, मला बाहेर काढू नकोस," तो तिला म्हणाला. "मी बाहेर आलो की अजून एक मरेल."

"कोण मरेल?"

"तू."

ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. हवालदारानं तिला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "परवा शहरात नेतायत. एकदा तिथं कबुली झाली की माझ्या हातात काही नाही बाई. आणि खरं सांगू, तिथवर तो टिकेलसं मला वाटत नाही. काल डोकं भिंतीवर आपटून घेत होता."

"मग तुम्ही तुमच्या साहेबांना सांगा ना!"

"काय सांगू? मला माहीत आहे की त्यानं नाही केलं. पण कुणी केलं, हे कुठं माहीत आहे? साहेब म्हणतात, दुसरा आण, मग याला सोडतो. गावात विचारायला गेलो तर लोक दारं लावतात. आमच्यावर भरवसा नाही तुमचा."

"असेल कसा?" ती म्हणाली. हवालदारानं टोपी काढून केसांतला घाम पुसला.

हे सगळं तिनं विहिरीच्या काठावर वाकून खाली बापाला सांगितलं. मग आतून घुमणारा आवाज आला.

"हवालदार चहा कुठं पितो?"

"टपरीवरच की. का?"

"वर ओढ मला."

"अहो, पण डोल अजून..."

"ओढ म्हणतो ना. पोरी, खरं कुणी धरत नाही. मी ठाण्यात ओंजळभर खरं ओतलं, सगळं बोटांतून गळून गेलं. खोटं मात्र या गावाला धरल्याशिवाय राहवत नाही."

तिला काही कळलं नाही. पण चिखलातून वर आलेल्या म्हाताऱ्याचे डोळे बघून तिनं हातांची फडकी सोडली आणि त्याच्या मागोमाग निघाली.

टपरीवर सगळे होते. तात्या दिसताच बोलणं थांबलं. कुणी कपात फुंकर घालू लागलं, कुणी विडी विझवली. हवालदार कडेच्या बाकावर बसला होता. लेक त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. टपरीवाला अवघडून म्हणाला, "या तात्या. चहा टाकू?"

"टाक. आणि बाक पूस, आज मी सांगणार आहे." तात्या आपल्या नेहमीच्या जागी बसले. अंगावरचा गाळ वाळत होता. "तुम्हाला खोटं वाटेल, पण पंपवाला मेला तेव्हा मी तिथं होतो."

हवालदारानं मान वर केली.

"कसा म्हणाल, तर असा. मी होतो विहिरीत. वर माझी पोरगी. तिनं दोराला असा हिसका दिला की मी बाटलीच्या बुचासारखा उडालो, सुटलो तो थेट आभाळात!"

एक पोरगा हसला आणि लगेच थांबला. मग टपरीवाला हसला. मग सगळ्यांना बरं वाटलं, कारण एवढे दिवस त्यांना हसायला काही मिळालं नव्हतं.

"धरली!" मिस्त्रीनं बाक वाजवला. "अशा हिसक्याला कप्पीची पिनच तुटली असती. मीच आवळलीय ती, मला ठाऊक आहे."

"धरलीस बाबा. एक चहा तुला. बरं, पोरीनं नाही, वाऱ्यानं उडवलं. वरून बघतो तर काय, पंपघराच्या पत्र्याला भोक, आणि भोकातून आतलं सगळं दिसतंय."

"धरली! पत्रा मीच ठोकलाय. त्याला सुईएवढं भोक नाही."

"अरे, मला बोलू देशील की नाही? मग खिडकीतून समज. खाली उतरलो, खिडकीला नाक लावलं."

मिस्त्री दोन्ही चहा एकामागोमाग प्यायला आणि मांडी घालून बसला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. बाकीचेही सरकून जवळ आले. तात्या एकेकाचं तोंड बघत होते.

"मारणारा आला तो मागच्या दारानं." थांबले. कुणी बोललं नाही. "उंच होता, ताडासारखा. पायात बूट." कुणी बोललं नाही. टपरीवाल्यानं भांडं खाली ठेवलं. "पंपवाला झोपला होता. घोरत होता." शांत. "मारणाऱ्यानं त्याला उठवलं. म्हणाला, ऊठ, माझी पाळी कुठं गेली?"

कुणीच बाक वाजवत नव्हतं. तात्यांच्या थापा संपत आल्या होत्या. लेक ओठ चावत होती. हवालदारानं चहाचा कप बाजूला ठेवला. परवा गाडी शहराला जाणार होती. तात्यांनी डोळे मिटले, आणि पंपवाल्याचा चेहरा समोर आणला, तो हसरा, जाड, गाव मुठीत धरलेला चेहरा. त्याच्या बाबतीत सगळ्यांत मोठं खोटं कुठलं असेल?

"मग काय सांगू तुम्हाला," तात्यांचा आवाज एकदम ओला झाला, "पंपवाल्याची बोबडीच वळली. गुडघ्यांवर आला बिचारा. एवढा मोठा माणूस, रडायला लागला. दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, दादा, चुकलं माझं, तुझी रोपं मी वाळवली, पाया पडतो, तुला हवं तेवढं पाणी घे. आणि तरी त्या मारणाऱ्यानं ऐकलं नाही. हात जोडलेल्या माणसाला मारलं. असा भित्रा, असा हलकट माणूस मी जन्मात पाहिला नाही. रडणाऱ्याला मारलं त्यानं!"

बाकावर इतक्या जोरात थाप पडली की कप उडून खाली फुटला.

"धरली!" मिस्त्री उभा राहिला होता. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"कशावरून?" तात्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"हात कसले जोडतोय तो! हात मोकळे कुठं होते त्याचे? एका हातात माझा पाना धरला होता आणि दुसऱ्या हातानं पोट धरून हसत होता तो!"